बिननावाची हाक

१

सोमवारी ह्यांच्या वर्कशॉपला सुट्टी. पण सोमवार म्हणजे घरात मटण नाही, त्यामुळं सुट्टी असूनही ह्यांचं तोंड सकाळपासनं उतरलेलं असतं. त्या सोमवारी मात्र चहा घेता घेताच म्हणाले, "माधवी, आवर. तोरसगडला जायाचं."

मालकांनी पुण्याच्या पाहुण्यांसाठी गडावर खासगी गाईड ठरवला होता. पाहुण्यांचं येणं रद्द झालं. गाईडला सांगून ठेवलंय, तर आदर्श, तूच जा बायकोपोरीला घेऊन, असं मालक ह्यांना म्हणाले. सोमवारी गड बंद असतो. म्हणजे गर्दी नाही, आणि एरवी कुलपात असते ती आतली बाजूसुद्धा बघायला मिळणार होती.

तोरसगड माहीत नाही असं माणूस आमच्या भागात मिळायचं नाही. शाळेची सहल तिथंच जायची, पण आठवीची. मी सातवीनंतर घरी बसले, त्यामुळं माझा गड राहिला तो राहिलाच. ह्यांना ते ठाऊक होतं, म्हणूनच एवढ्या हौसेनं सांगत होते.

मला आनंद झाला आणि लगेच काळजीही लागली. माझं असंच आहे. तेजूला घेऊन कुठं जायचं म्हटलं की मला आधी तिथल्या विहिरी, पायऱ्या आणि कुत्री दिसतात. चार वर्षांची पोर, एका जागी घटकाभर ठरत नव्हती.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या सोप्यात जोंधळे पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पडक्या जागंत पोरीचं नाव कुणाला सांगू नगंस. आन निघताना हाक मारून घे."

आमच्याकडं लहान मुलाला परक्या ठिकाणी नेलं की निघताना आईनं उंबऱ्यावर थांबायचं, मुलाचं नाव घेऊन हाक मारायची, चल गं घरला म्हणायचं. मुलानं 'आले' म्हणायचं. मूल तिथं कशाला भ्यालं असेल, त्याचा जीव कशात गुंतून मागं राहिला असेल, तर तो बरोबर येतो. मी हे कुठंच चुकवत नव्हते. दवाखाना, लग्नाचा हॉल, यल्लम्माची जत्रा, कुठंही.

"बस स्टँडवर एकदा हाक मारलीस," हे हसून म्हणाले, "तर तिघी-चौघी पोरी वळून बघाय लागल्या. त्यांच्या आया कशा बघत हुत्या तुज्याकडं."

"बघू देत की," मी म्हटलं. "माझी आली न्हवं बरोबर?"

२

काकती मागं टाकून गाडी हायवेला लागली. तेजू नेहमीप्रमाणं पुढं, टाकीवर, ह्यांच्या दोन्ही हातांच्या मधे. निपाणीच्या बऱ्याच अलीकडं एक फाटा फुटतो. तिथनं पुढं उसाचे फड आणि मग एकदम गडाची भिंत समोर येते. चित्रात बघितली होती त्यापेक्षा ती काळी होती. ऊन कडक होतं, पण भिंतीजवळ गेल्यावर अंगावर उन्हाचा चटका जाणवेना.

मोठा दरवाजा बंद होता. त्यातली छोटी दिंडी उघडून एक माणूस उभा होता. उंच, वाळका, पांढरा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. वय सांगता आलं नसतं. नागोजी म्हणून नाव होतं, ते ह्यांना मालकांनी सांगितलेलं.

"नमस्कार अण्णा," हे म्हणाले.

"पाहुणे कुठं हाईत?"

"पाहुण्यांचं रद्द झालं. मालकांनी आमाला पाठवलं. मी त्यांच्याकडंच कामाला हाय."

"म्हंजे पाहुणे न्हवं." एवढं बोलून त्यानं आम्हाला वरपासनं खालपर्यंत बघितलं. भाजी नासकी निघाल्यावर बघावं तसं. मग त्याची नजर तेजूवर गेली आणि तिथंच राहिली.

"पोरीचं नाव काय?"

हे तोंड उघडणार तेवढ्यात मी मागनं ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. "बाळ म्हणतो आमी," मी म्हटलं.

"अंगणवाडीत बी बाळच म्हणत्यात?"

मी तेजूचा हात धरला.

"नाव न्हाय सांगितलं तर मला काय," नागोजी म्हणाला. "पर आत वाटा फुटत्यात. पोर चुकली तर हाक कशी मारायची, ते तुमचं तुमी बघा."

आम्ही वाकून दिंडीतनं आत गेलो. आधी हे, मग तेजू, मग मी. मी मागं वळून बघितलं. नागोजी दिंडीचं फळकूट एका हातानं धरून अजून बाहेरच बघत होता. मग जरासा बाजूला झाला.

"हळू," तो म्हणाला. "डोकं संबाळ."

आमच्याशी बोलताना त्याचा आवाज दगडावर दगड घासल्यासारखा यायचा. हा आवाज तसला नव्हता. लेकराशी बोलावं तसा होता. त्यानं थोडा वेळ जाऊ दिला, आणि मग दिंडी लावून घेतली.

३

गडाची माहिती त्यानं पाठ म्हटल्यासारखी सांगितली. ही सदर, हा नगारखाना, ही घोड्यांची पागा. हे मधे मधे प्रश्न विचारत होते. मालकांना नंतर सांगायला पाहिजे ना, काय काय बघितलं ते. नागोजी उत्तर द्यायचा, पण ह्यांच्याकडं न बघता. एकदा हे म्हणाले, "अण्णा, ही तोफ चालत हुती का वो?" तर म्हणाला, "तुमाला उडवाय पुरती चालंल." हे हसले. तो हसला नाही.

माझं लक्ष माहितीत नव्हतंच. मी दारं बघत होते.

प्रत्येक दारात तेच. तो कुलूप काढायचा, आम्ही आत जायचो, आणि तो दार धरून उभा राहायचा. एक माणूस यायचं राहिलंय म्हणून थांबावं तसं. एका ठिकाणी उंच उंबरा होता. तिथं तर त्यानं वाकून हात पुढं केला. खाली, माझ्या कमरेच्याही खाली. हाताची बोटं जरा मिटली, आणि मग तो सरळ झाला.

मी ह्यांच्या जवळ सरकून हळूच म्हटलं, "त्यो कुणासाठी थांबतोय?"

"सवय असती गं. रोज शाळेच्या पोरांची रांग असती मागं. हात आपसूक जातो." ह्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. "झालं तुजं सुरू?"

मला पटलं. खरंच पटलं. आमच्या गावचा कंडक्टर रिटायर झाल्यावरसुद्धा घराचं दार दोनदा थापटून मग बाहेर पडायचा. सवयीचं असंच असतं. मी स्वतःला हे सांगितलं आणि पुढच्या दारापर्यंत बरी होते.

पुढच्या दारातनं तेजू आत गेली, आणि आत गेल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. पोट आत ओढून. चिंचोळ्या बोळात समोरनं कुणी आलं की आपण वाट देतो, तशी.

"काय करतीस गं?" मी विचारलं.

"जाऊ दे की तिला," तेजू म्हणाली.

४

आतली बाजू म्हणजे दोन अंगांना खोल्या आणि मधे बोळ. झरोक्यातनं उजेड यायचा, पण तो भिंतीवरच राहायचा, खाली उतरायचा नाही. वटवाघळांचा वास असेल असं मला वाटलं होतं. तसला वास नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसला वास होता. शेकाचा, ओव्याचा, आंबटसर दुधाचा. मी ह्यांना विचारलं, "वास येतोय का?" तर हे म्हणाले, "चुन्याचा असंल. दुरुस्ती चालू हाय की."

शेवटच्या खोलीशी नागोजी थांबला. हिला कुलूप नव्हतं. कडीसुद्धा नव्हती.

"हितलं सांगायचं काय न्हाय," तो म्हणाला. "बघा आन चला."

"काय हुतं हितं?" ह्यांनी विचारलं.

"सांगितलं न्हवं?"

खोली लहान होती. कोपऱ्यात दगडी न्हाणी, भिंतीत पणतीचा कोनाडा, आणि छताला पाळणा टांगायच्या दोन कड्या. गडावरचं बाकीचं सगळं लोखंड गंजून त्याचे पापुद्रे निघालेले मी बघितले होते. ह्या कड्या आतल्या अंगानं चकचकीत होत्या. दोरी घासून होतात तशा. आमच्या घरची कडी तेजूच्या वेळी तशीच झाली होती, म्हणून मला कळलं.

पाहुण्यांना दाखवायला पाळणा बांधत असतील, असं मी मनात म्हटलं. मालिकेचं शूटिंग झालं असेल. आजकाल कुठंही शूटिंग होतं.

तेजू खोलीच्या मधोमध उभी होती. गप्प. दिवसभरात पहिल्यांदा एका जागी. तिचा उजवा हात अंगापासनं जरासा लांब होता, आणि बोटं वाकलेली. दुसऱ्या कुणाच्या बोटांत अडकवल्यासारखी.

नागोजी तिच्यासमोर उकिडवा बसला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आलं. "मला तरी सांग की. काय म्हणून हाक मारत्यात तुला?"

तेजूनं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. मग तिच्या उजव्या बाजूला, खाली, आणि ऐकत असल्यासारखी मान कलती केली.

मी तिला उचलली. तिचा तो हात चटकन सुटेना. ओढावा लागला. जरा जोरानंच ओढला, आणि तेजू रडायला लागली, आणि मी बाहेर पडले. बोळात ह्यांची हाक ऐकू येत होती, "अगं, थांब, काय झालं?" पण मी थांबले नाही.

तेजू माझ्या कडेवर होती. तिचे चपला घातलेले पाय माझ्या मांडीवर आपटत होते. हे माझ्या मागं, बुटांचा आवाज करत. आणि आमच्या दोघांच्या मधे आणखी पाय वाजत होते. लहान, अनवाणी, ओल्या फरशीवरनं पळावं तसे. फरशी कोरडी ठणठणीत होती.

५

दिंडीपाशी येऊन ती उघडल्यावर बाहेरचं ऊन दिसलं आणि मला धीर आला. दरवाजाबाहेरच्या चहाच्या टपरीवरचा रेडिओ ऐकू येत होता. कन्नड गाणं लागलं होतं. आपण कसल्या वेड्यासारखं पळत आलो असं वाटलं. हे धापा टाकत आले. "काय म्हणंल त्यो माणूस?" म्हणाले.

त्यो माणूस मागनं सावकाश येत होता. घाई नव्हती त्याला.

हे दिंडीतनं बाहेर गेले. मी उंबऱ्यावर थांबले. हाक मारल्याशिवाय जाणं शक्यच नव्हतं. एरवी एखाद्या वेळी राहिली असती, पण त्या खोलीतनं पोरीचा हात मी ओढून आणला होता. काही मागं राहिलं असेल तर?

पण नागोजी अगदी जवळ उभा होता. आतल्या बाजूला, हाताच्या अंतरावर, कान देऊन. नाव घेतलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. पडक्या जागेत नाव सांगायचं नाही. हाक मारल्याशिवाय निघायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा करायच्या ते मला सुचेना. तेजूचं डोकं माझ्या खांद्यात खुपसलेलं. हे गाडीची किल्ली वाजवत होते.

मी तोंड आतल्या बोळाकडं केलं आणि म्हटलं, "चल गं बाळा. घरला चल आईसंगं."

"आले."

लगेच आलं. मी नीट म्हणायच्या आधीच आल्यासारखं.

"ऐकलं न्हवं? आले म्हणाली. चला आता," हे म्हणाले.

नागोजीनं दार धरलं नाही. थांबला नाही, वाकला नाही. मी उंबरा सोडला तशी त्यानं आतनं दिंडी धाडकन लावली आणि अडसर सरकवल्याचा आवाज आला. मग दाराच्या पलीकडनं हसण्याचा आवाज आला. का रडण्याचा, मला अजून कळलेलं नाही. मोठ्या माणसाचा आवाज, तोंडात पंचा कोंबल्यासारखा.

६

गाडीवर तेजू पुढं बसेना. "मला मदी पायजे," म्हणाली. मधे म्हणजे ह्यांच्या आणि माझ्या मधे. एरवी पुढं बसायला मिळालं नाही तर रस्त्यात लोळण घेणारी पोर.

"का गं? पुढं वारं लागतंय न्हवं?" हे म्हणाले.

"पुढं ती बसलीया."

हे मोठ्यानं हसले. "आईचीच लेक."

हायवेला गाडी लागल्यावर तेजू माझ्या पोटाशी तोंड करून म्हणाली, "आई, मी न्हाय म्हणाले."

"काय न्हाय म्हणालीस?"

"आले म्हणून."

मी तिला छातीशी धरली. पोरं काहीही बोलतात. रडून दमली होती, आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात राहिलं नसेल. मी ह्यांच्या खांद्यावरनं पुढं बघितलं, वारं तोंडावर यावं म्हणून. पुढं टाकी होती, आणि टाकीवर काही नव्हतं. पण ह्यांचे दोन्ही कोपर फाकलेले होते. तेजू पुढं असली की तिला जागा व्हावी म्हणून हे धरतात, तसे. आणि हनुवटी जरा वर उचललेली. तिचे केस तोंडावर येऊ नयेत म्हणून.

"हात असं का धरलाय?" मी ओरडून विचारलं.

"कसं?" हे म्हणाले. त्यांनी खाली हाताकडं बघितलं आणि कोपर अंगाशी आवळून घेतले, ते आमचं येळ्ळूर येईपर्यंत सोडले नाहीत.

७

आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. तेजूच्या पायांवर पाणी घातलं. तांब्या रिकामा झाला होता, तरी त्या क्षणभर तसाच कलता धरून उभ्या राहिल्या.

मी भाजी चिरायला बसल्यावर शेजारी येऊन बसल्या. "हाक मारलीस?"

"मारली की."

"नावानं?"

मी विळीवरचा हात थांबवला. "त्यो गाईड शेजारीच उभा हुता, आत्या. मग मी बाळा म्हटलं."

"बाळा म्हटलीस."

"व्हय. आले म्हणाली की."

आत्यांनी माझ्या हातातली वांगी घेतली, पाटीत ठेवली, पुन्हा उचलली. मग उठून आत गेल्या आणि आपलं लुगडं पिशवीत घालायला लागल्या.

"कुठं निघाला?"

"उचगावला. भावाकडं जाऊन येतो जरा."

"आता? कधी येणार परत?"

"बघू." दारातनं वळल्या. माझ्याकडं बघत होत्या, पण माझ्या तोंडाकडं नाही. "तिला जेवाय घालू नगंस. मांडीवर घेऊ नगंस. तू आई हाईस असं तिला वाटू देऊ नगं. एकीचीच आई व्हायाला येतंय, माधवी."

हे बाहेरनं आल्यावर मी सगळं सांगितलं. हे चिडले. म्हणाले, "म्हातारीला भावाकडं जायाचं निमित पायजे असतंय. आन तुला भ्यायाचं." पण त्या दिवसापासनं ह्यांनी तेजूला गाडीवर पुढं बसवलं नाही.

८

मी जेवायला घातलं नाही. मांडीवर घेतलं नाही. कुणाला घ्यायचं होतं? घरात तेजूशिवाय मला कुणी दिसत नव्हतं. पण दुपारी भांडी घासताना माझा पदर खाली ओढला जायचा आणि मी वळून न बघता सोडवून घ्यायचे. तेजूच्या दुधात बोट बुडवल्यासारखी साय फाटलेली असायची. ते दूध मी ओतून द्यायचे. अंघोळीला तेजूच्या डोळ्यांत साबण गेला आणि ती दोन्ही हातांनी डोळे चोळत होती, तेव्हा माझ्या पाठीवर दोन तळवे टेकले. मी न्हाणीतनं तेजूला तशीच फेसासकट बाहेर आणली.

त्या दुसरीचा राग मला कळत होता. भिंतीमागं कुणी दात खात बसावं तसा घरभर तो कळायचा. आणि तेजू बारीक होत चालली होती. डॉक्टर म्हणाले, जंत असतील.

मग एका दुपारी तेजू खेळता खेळता म्हणाली, "आई, तिची खोली आता रिकामी हाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"ती म्हणती, एकीनं हितं ऱ्हायाचं आन एकीनं तिकडं." तिनं बाहुलीला झोपवलं, पांघरूण घातलं. "मी तिकडं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी तेजूला शेजारच्या वसुधाताईंकडं ठेवली. त्या मास्तरीण. काही विचारलं नाही त्यांनी. मी बसनं तोरसगडला गेले. एकटीच गेले, पण बसमधे माझ्या शेजारची जागा मोकळी असून कुणी बसलं नाही. एक बाई बसायला म्हणून वाकली आणि "असू दे, असू दे" म्हणून पुढं गेली.

नागोजी टपरीवर चहा घेत होता. आधी मी त्याला ओळखलंच नाही. अंग भरलेलं, पाठ सरळ, लोकांना कसली तरी गंमत सांगून हसवत होता. मला बघितल्यावर हसू गेलं. उठून बाजूला आला. पण माझ्या शेजारी, खाली, त्यानं एकदासुद्धा बघितलं नाही. मुद्दाम बघत नव्हता.

"हितं का आलाईसा?"

"तिला परत घ्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझी पोर खंगत चालली. तुमी घ्या तिला परत."

"मी दिली न्हाय. तुमी हाक मारलीसा."

"मी माझ्या पोरीला मारली."

"नाव घेतलंसा?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मी इचारत हुतो की नाव," तो म्हणाला. "दोन येळा इचारलं."

"मग सोडायची कशी ते तरी सांगा."

"मला ठावं असतं तर मी वर्सानुवर्सं दारं धरत उभा राह्यलो असतो व्हय?" त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "माजी बी लेक हुती बाई. एकच हुती." पुढं काही सांगेल म्हणून मी वाट बघितली. त्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा तो आधीचा, दगड घासल्यासारखा आवाज आला. "जावा आता. तिला घिऊन जावा. परत हिकडं येऊ नगा. तिला वाट ठावी हाय. तुमच्या पोरीला नगं कळाय."

९

घरी आले तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. वसुधाताई म्हणाल्या, "माधवी, तेजूला थोडा ताप वाटला. तुमच्याच घरी नेऊन निजवली. झोपलीय. मी आत्ताच बघून आले."

मी घरात आले. दार नुसतं लोटून घेतलं. आतल्या खोलीत अंधारं होतं. खिडकी वसुधाताईंनी लावून घेतली असणार. खाटेवर वाकळ होती आणि वाकळेत तेजू मुटकुळं करून निजली होती. मी खाटेवर बसले, वाकळेसकट तिला उचलून मांडीवर घेतली. अंग तापलेलं होतं. तिनं झोपेतच माझ्या गळ्यात हात टाकले आणि तोंड माझ्या मानेत खुपसलं. मला रडू आलं. मी तिला हलवत राहिले. "हाय गं, आई हाय," म्हणाले. कितीतरी वेळा म्हणाले. "आई हाय. आई हितंच हाय."

केसांना ओव्याचा वास येत होता. वसुधाताईंनी शेक दिला असेल, असं मला वाटलं.

"आई," तेजू म्हणाली.

आवाज मांडीवरनं आला नाही.

मी मान वर केली. बाहेरच्या खोलीत, दाराशी, उजेडात तेजू उभी होती. अंगात सकाळचाच फ्रॉक. चपला घातलेल्या, उलट्या पायांत, एकटीनं घातल्या की घालायची तशा. ती माझ्याकडं बघत होती, माझ्या मांडीकडं बघत होती. रागानं नाही. खेळात आपला डाव गेल्यावर बाजूला होतात, तशी.

"मग मी जाते," ती म्हणाली.

मी उठायला गेले. गळ्यातली मिठी सुटेना. लहान पोराची मिठी, पण माझी मान पुढं झुकत गेली. मी खाली बघितलं नाही. बघायचं नाही एवढंच मला कळत होतं. नाव. नुसतं नाव घेतलं तरी तेजू थांबली असती. तेजस्वी. बारशाला तिच्या कानात सांगितलेलं, मी रोज शंभर वेळा घेतलेलं.

मी तोंड उघडलं, आणि एक हात वर आला आणि माझ्या ओठांवर बसला. छोटा, ओलसर, बोटांची पेरं सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. जोर केला नाही त्यानं. नुसता ठेवला.

दारात तेजू थोडा वेळ थांबली. मी हाक मारेन म्हणून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मग तिनं दार उघडलं आणि उंबरा ओलांडला.